बॅलिस्टिक गुणांक : दूर पल्ल्याच्या रायफल गोळ्यांचे मापन आणि तुलना

प्रस्तावना

अमेरिकेतील ओहायो राज्यात ईरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी येथे नेमबाजीचे विस्तीर्ण मैदान आहे. १९०७ पासून तेथे राष्ट्रीय रायफल स्पर्धा भरविल्या जाऊ लागल्या. या स्पर्धांतील दूरचे अंतर १,००० यार्ड, म्हणजे ९१४ मीटर असते आणि त्या अंतरावरील लक्ष्यफलकावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास असतो अवघा २० इंच. ७.६२ मिलिमीटर रायफलीतून १७५ ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला २,६०० फूट वेगाने निघाली, तर हे अंतर तोडण्यास तिला साधारण पावणेदोन सेकंद लागतात. हवा नसती तर तेच अंतर तिने १.१५ सेकंदांत तोडले असते. मधल्या सहा दशांश सेकंदाचा विलंब हे केवळ हवेच्या रोधाचे फळ होय.

हा विलंब लहान भासला तरी त्याचे परिणाम लहान नाहीत. आडव्या वाऱ्याने गोळी किती सरकेल, हे वाऱ्याचा वेग आणि हा विलंब यांच्या गुणाकाराने जवळजवळ अचूक सांगता येते. ताशी १० मैल वेगाच्या वाऱ्यात वरील गोळी सुमारे १०० इंच, म्हणजे अडीच मीटर बाजूला जाते. वीस इंचांचे वर्तुळ गाठावयाचे, तर या अडीच मीटरांचा हिशेब आधी करावयास हवा. तो हिशेब ज्या एका संख्येच्या आधारे केला जातो, तिला बॅलिस्टिक गुणांक म्हणतात. ही संख्या पाच टक्क्यांनी चुकली, तर १,००० यार्डांवर गोळीच्या उंचीत सुमारे दीड फुटाचा आणि उपरोक्त वाऱ्यात बाजूच्या सरकण्यात सुमारे सहा इंचांचा फरक पडतो. उंचीची चूक आरंभीच्या चाचणी-फैरींत सुधारून घेता येते. वारा मात्र दर फैरीला बदलत असल्याने तेथील चूक तशी पुसली जात नाही.

गोळ्यांच्या पुडक्यावर हा गुणांक ०.५०५ असा दशांशाच्या तीन स्थळांपर्यंत छापलेला असतो. वजन आणि व्यास यांच्या पंक्तीत बसल्यामुळे तोही गोळीचा अंगभूत गुणधर्म आहे, असा वाचणाऱ्याचा सहज समज होतो. वस्तुतः तो गुणधर्म नव्हे, ती एक तुलना आहे. एका विशिष्ट प्रमाण गोळीशी, एका विशिष्ट घनतेच्या हवेत आणि एका विशिष्ट वेगकक्षेत केलेली ती तुलना होय. या तिन्ही अटींचा उच्चार न करता सांगितलेला गुणांक अर्धवट असतो. तो कसा मोजला जातो आणि दोन गुणांकांची तुलना केव्हा वैध ठरते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

गुणांकाची घडण

बॅलिस्टिक गुणांक दोन घटकांपासून तयार होतो. पहिला घटक म्हणजे छेदघनता. गोळीचे पौंडांतील वस्तुमान तिच्या इंचांतील व्यासाच्या वर्गाने भागले की छेदघनता मिळते. एका पौंडाचे ७,००० ग्रेन होतात, म्हणून १७५ ग्रेनची गोळी ०.०२५ पौंडांची असते. तिचा व्यास ०.३०८ इंच असल्याने छेदघनता ०.२६४ येते. जड गोळीची गती हवेला सहजासहजी कमी करता येत नाही आणि रुंद गोळीला अधिक हवा बाजूस सारावी लागते, एवढाच या भागाकाराचा आशय आहे. येथे लागते ती तराजू आणि सूक्ष्ममापी. त्यामुळे वादाला जागा नाही.

दुसरा घटक आकारगुणक हा होय, आणि सर्व अडचण त्याच्यातच आहे. गोळीचा रोधगुणांक त्याच वेगाच्या प्रमाण गोळीच्या रोधगुणांकाने भागला असता आकारगुणक मिळतो. छेदघनतेला आकारगुणकाने भागले की बॅलिस्टिक गुणांक हाती येतो. एक पौंड वजनाच्या आणि एक इंच व्यासाच्या प्रमाण गोळीचा गुणांक या व्याख्येनुसार आपोआपच १ ठरतो. एखाद्या गोळीचा गुणांक ०.५ असेल, तर तेवढ्याच वेगाने त्याच हवेतून जाताना तिचा वेग प्रमाण गोळीच्या दुप्पट दराने घटतो.

व्याख्येतील 'त्याच वेगाच्या' हे शब्द नजरेआड होऊ देता कामा नयेत. रोधगुणांक स्थिर नसतो. ध्वनिवेगाच्या बराच खाली तो जवळपास स्थिर राहतो, ध्वनिवेगाच्या आसपास एकाएकी चढतो आणि त्यापलीकडे वेग वाढत जाईल तसा हळूहळू उतरतो. गोळीचा आणि प्रमाण गोळीचा असे दोन्ही वक्र एकाच प्रमाणात चढत-उतरत असतील, तरच त्यांचा भागाकार स्थिर राहील. ते तसे नसतील, तर गुणांक उड्डाणाच्या ओघातच बदलत जाईल.

प्रमाण गोळी आली कोठून?

हवेचा रोध मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न इंग्रज गणितज्ञ बेंजामिन रॉबिन्स यांनी केला. १७४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी प्राक्षेपिक लंबकाचे वर्णन केले आहे. टांगलेल्या जड फळीवर गोळी झाडावयाची, फळी किती झुलली ते पाहावयाचे आणि संवेगाच्या नियमावरून गोळीचा वेग काढावयाचा, अशी ही पद्धत. लंबक वेगवेगळ्या अंतरांवर ठेवून वेग कसा घटत जातो, हे त्यांना पाहता आले. हवेचा रोध तत्कालीन समजुतीहून कितीतरी अधिक आहे आणि ध्वनिवेगाच्या सुमारास तो विशेष वाढतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १७४५ मध्ये ऑयलर या थोर गणितज्ञाने या ग्रंथाचा जर्मन अनुवाद केला, यावरून त्याचे महत्त्व कळून येते. याच रॉबिन्स यांची पुढे ईस्ट इंडिया कंपनीने किल्ल्यांच्या कामासाठी हिंदुस्थानात नेमणूक केली आणि १७५१ मध्ये आजच्या कडलूरनजीकच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात त्यांचा अंत झाला. प्राक्षेपिकीचा प्रवर्तक कोरोमंडल किनाऱ्यावर निवर्तला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या स्मरणात नाही.

एकोणिसाव्या शतकात विद्युत-कालमापक आले आणि लंबक मागे पडला. इंग्लंडमध्ये बॅशफोर्थ यांनी, फ्रान्समध्ये गाव्र येथील आयोगाने आणि जर्मनीत क्रुप कारखान्याने तोफगोळ्यांवर विस्तृत प्रयोग केले. क्रुपच्या निष्कर्षांवरून रशियन सेनाधिकारी मायेव्स्की यांनी रोधाची सूत्रे बसविली आणि अमेरिकन सेनाधिकारी इंगल्स यांनी त्यांवरून कोष्टके तयार केली. याच परंपरेतून आज 'जी-१' नावाने ओळखली जाणारी प्रमाण गोळी आली. नावातील 'जी' हे अक्षर गाव्रचे स्मरण करून देते. तिचा तळ सपाट आहे आणि तिचे टोक व्यासाच्या दुप्पट त्रिज्येच्या कमानीने घडलेले, म्हणजे बरेचसे बोथट आहे. त्या काळच्या तोफगोळ्याचे रूप तसेच होते.

आजची दूर पल्ल्याची गोळी मात्र लांब, अणकुचीदार आणि मागे निमुळती होत गेलेली असते. सपाट तळामागे हवेत जी पोकळी राहते ती गोळीला मागे ओढते. निमुळत्या शेपटीने ही ओढ घटते. अशा गोळीचा रोधवक्र जी-१ च्या वक्राशी समांतर जात नाही. परिणामी जी-१ च्या मापाने तिचा गुणांक वेगाबरोबर घसरत जातो. सिएरा या अमेरिकन कंपनीने ही अडचण लपविली नाही, हे तिच्या श्रेयाचे आहे. तिने आपल्या प्रत्येक गोळीसाठी वेगकक्षांनुसार निरनिराळे गुणांक छापले. ०.३०८ इंची, १६८ ग्रेनच्या तिच्या मॅचकिंग गोळीचा गुणांक सेकंदाला २,६०० फुटांवर ०.४६२, २,६०० ते २,१०० दरम्यान ०.४४७, २,१०० ते १,६०० दरम्यान ०.४२४ आणि त्याखाली ०.४०५ असा दिलेला आहे. गोळी तीच, वजन तेच, तरी संख्या सुमारे १२ टक्क्यांनी खाली आली. ज्या विक्रेत्याने केवळ सर्वांत वरचा आकडा छापला, त्याने खोटे सांगितले असे म्हणता येणार नाही. परंतु त्याने पूर्ण खरेही सांगितले नाही.

या अडचणीवरील दुसरा उपाय म्हणजे प्रमाण गोळीच बदलणे. 'जी-७' ही प्रमाण गोळी टोकाशी अधिक लांबट असून तिची शेपटी साडेसात अंशांनी निमुळती होत जाते. आधुनिक गोळ्यांचे रोधवक्र तिच्या वक्राशी बरेच जुळतात, म्हणून जी-७ गुणांक स्वनातीत वेगांच्या बहुतेक पल्ल्यात स्थिरप्राय राहतो. मात्र आकडा निराळा येतो. सिएराच्या १७५ ग्रेन गोळीचा जी-१ गुणांक वरच्या वेगकक्षेत ०.५०५ असून जी-७ गुणांक ०.२४३ इतका मोजला गेला आहे. गोळीत काडीचाही बदल झालेला नाही. निम्म्याहून कमी झाला तो केवळ मापदंड बदलल्यामुळे. मोठा आकडा दिसला की माल चांगला, अशी सवय झालेल्या बाजारात ०.२४३ हा आकडा छापणे उत्पादकांना अवघड वाटले असेल, तर त्यात नवल नाही.

दोन वेगांतील फरक आणि त्यात दडलेली चूक

गुणांक मोजण्याची सर्वांत सोपी रीत अशी : नळीजवळ एक कालमापक, पुढे १०० यार्डांवर दुसरा कालमापक, दोन्ही ठिकाणचे वेग नोंदवावयाचे आणि वेगात किती घट झाली ते पाहावयाचे. १८८० च्या सुमारास इटालियन तोफखाना अधिकारी सियाची यांनी असे एक फलन सुचविले की, प्रमाण गोळीचा वेग एका मूल्यावरून दुसऱ्यावर येण्यास किती अंतर लागते, हे कोष्टकातून थेट वाचता यावे. आपल्या गोळीला लागलेले प्रत्यक्ष अंतर या कोष्टकातील अंतराने भागले की गुणांक मिळतो. गणित इतके सरळ आहे की पदवी वर्गातील विद्यार्थ्यालाही ते करता येईल.

अडचण गणितात नसून वजाबाकीत आहे. १७५ ग्रेनची गोळी सेकंदाला ७९२ मीटर वेगाने निघाली, तर १०० यार्डांवर तिचा वेग सुमारे ७३७ मीटर राहतो. घट झाली ५५ मीटरांची. आता प्रत्येक कालमापकात अर्ध्या टक्क्याची चूक आहे असे धरू. अर्धा टक्का हे कोणालाही चांगले उपकरण वाटेल. पहिल्या ठिकाणी ती चूक ४ मीटर प्रति सेकंद आणि दुसऱ्या ठिकाणी ३.७ मीटर होईल. दोन्ही चुका विरुद्ध दिशांनी पडल्या तर घटीत ७.७ मीटरांची चूक येईल, म्हणजे ५५ पैकी १४ टक्के. दोन मोठ्या आणि जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी केली की मूळची क्षुद्र चूक असा अक्राळविक्राळ आकार धारण करते. प्रयोगशाळेत दर वर्षी विद्यार्थ्यांना सांगितला जाणारा हा धडा येथे प्रत्यक्ष भेटतो. चौदा टक्के अनिश्चिततेचा गुणांक तीन दशांश स्थळांपर्यंत छापणे यात शास्त्रीयतेचा केवळ आभास आहे.

यातून सुटण्याच्या वाटा दोन. पहिली अशी की, दोन्ही कालमापक प्रथम एकापाठोपाठ एक लावावयाचे आणि त्याच गोळ्या दोहोंतून जाऊ द्यावयाच्या. अशाने एक उपकरण दुसऱ्यापेक्षा सातत्याने किती जास्त वा कमी दाखविते ते कळते. दोन्ही उपकरणे एकाच दिशेने आणि एकाच प्रमाणात चुकत असतील, तर बिघाड फारसा होत नाही. दोहोंत अर्धा टक्का अधिक वेग येत असेल, तर घटही अर्धा टक्काच अधिक येईल. घातक ठरते ती दोन उपकरणांमधील विसंगती, आणि नेमकी तीच या रीतीने दूर होते. दुसरी वाट अंतर वाढविण्याची. ३०० यार्डांवर घट सुमारे १५८ मीटर प्रति सेकंद होते, तर वर सांगितलेली कमाल चूक साधारण ७ मीटरच राहते. म्हणजे अनिश्चितता १४ टक्क्यांवरून साडेचार टक्क्यांवर येते. परंतु ३०० यार्डांवर ठेवलेल्या कालमापकाच्या लहानशा चौकटीतून गोळी अचूक पाठवावी लागते. ती थोडी ढळली तर चौकटीऐवजी उपकरणातूनच जाते, आणि त्या दिवसापुरता प्रयोग तेथेच थांबतो.

या कारणास्तव दूरच्या टोकाला वेग मोजण्याऐवजी काळ मोजण्याची पद्धत रुळली. स्वनातीत गोळी आपल्याबरोबर आघातलहरीचा शंकू ओढीत जाते. लक्ष्याजवळ ठेवलेल्या ध्वनिग्राहकाला ही लहर ऐकू येते आणि गोळी त्याच्या फुटभर बाजूने गेली तरी चालते. नळीजवळचा वेग आणि निरनिराळ्या अंतरांपर्यंत लागलेला काळ कळला की गुणांक काढता येतो. अमेरिकन वैमानिकी अभियंता आणि नेमबाज ब्रायन लिट्झ यांनी ही पद्धत अनेक उत्पादकांच्या गोळ्यांना लावली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे जी-१ व जी-७ गुणांक दिले. त्यांच्या कामाचे मोल एखाद्या आकड्याच्या अचूकतेपेक्षाही एका निराळ्या गोष्टीत आहे. तोवर प्रत्येक उत्पादक आपल्या पद्धतीने, आपल्या अंतरावर, कित्येकदा केवळ आकृतीवरून गणित करून गुणांक सांगत असे. अनेकांचा माल एकाच हाताने, एकाच गजाने मोजला गेला म्हणजेच तुलनेला अर्थ येतो. अर्थात या पद्धतीलाही मर्यादा आहे. गोळीचा वेग ध्वनिवेगाखाली गेला की आघातलहर उरत नाही आणि ध्वनिग्राहक मुका होतो.

हवेचा हिशेब

गुणांक मोजताना हवेची घनता नोंदविली नाही, तर इतर सर्व काळजी वाया जाते. रोध हा घनतेच्या समप्रमाणात असतो. कॅम्प पेरी समुद्रसपाटीपासून २०० मीटरांहूनही कमी उंचीवर आहे, तर न्यू मेक्सिको राज्यात रॅटनजवळील प्रसिद्ध नेमबाजी केंद्र सुमारे २,००० मीटर उंचीवर. प्रमाण वातावरणाच्या सूत्रानुसार समुद्रसपाटीला हवेची घनता दर घनमीटरला १.२२५ किलोग्रॅम, तर २,००० मीटरांवर १.००७ किलोग्रॅम असते. ही दुरुस्ती न करता रॅटन येथे मापन केले, तर ०.५०५ गुणांकाची गोळी ०.६१ ची भासेल. तिला मिळालेली ही बढती तिच्या घडणीची नसून डोंगराची असेल.

अशी ढोबळ चूक सहसा कोणी करीत नाही. नित्य घडते ती बारीक चूक. गुणांक कोणत्या 'प्रमाण' वातावरणाला अनुसरून सांगितला आहे, याबाबत दोन संकेत प्रचलित आहेत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या संकेतात १५ अंश सेल्सिअस, १०१३.२५ हेक्टोपास्कल आणि कोरडी हवा धरतात. अमेरिकन लष्कराच्या जुन्या संकेतात तापमान तेच असले तरी दाब ७५० मिलिमीटर पारा आणि सापेक्ष आर्द्रता ७८ टक्के धरली जाते. दमट हवा कोरड्या हवेहून हलकी असते, कारण पाण्याच्या वाफेचा रेणू नायट्रोजनच्या रेणूपेक्षा हलका आहे. सामान्य समजूत बरोबर याच्या उलट असते. या दोन्ही कारणांमुळे लष्करी संकेतातील हवा सुमारे १.८ टक्क्यांनी विरळ ठरते, आणि तीच गोळी त्या संकेताने १.८ टक्के अधिक गुणांक मिळविते. तिसऱ्या दशांश स्थळावरून दोन गोळ्यांत डावे-उजवे करणाऱ्याने आधी हे पाहावयास हवे. ०.५०५ आणि ०.४९६ हे आकडे कित्येकदा एकाच गोळीचे, दोन निरनिराळ्या संकेतांतील असू शकतात.

रडारचा साक्षात्कार

आजवर वर्णिलेल्या पद्धतींत मोजमाप दोन-चार ठिकाणीच होते आणि मधल्या भागाचा तर्क करावा लागतो. डॉप्लर रडारने ही उणीव भरून काढली. नळीच्या बाजूस ठेवलेले रडार गोळीच्या पाठीवर सूक्ष्मतरंग सोडते आणि परतलेल्या तरंगाच्या वारंवारितेतील बदल मोजते. हा बदल वेगाच्या दुपटीला तरंगलांबीने भागले असता मिळतो. तरंगलांबी २.८५ सेंटिमीटर असेल आणि गोळीचा वेग ८०० मीटर प्रति सेकंद असेल, तर बदल सुमारे ५६ किलोहर्ट्झ येतो. वारंवारिता ही भौतिकीत सर्वाधिक अचूकतेने मोजता येणाऱ्या राशींपैकी एक असल्याने वेगही तितकाच नेमका कळतो, आणि तो एका-दोन ठिकाणी नव्हे, तर उड्डाणभर अखंड कळत राहतो. त्यावरून त्या गोळीचा स्वतःचा रोधवक्र काढता येतो. मग उसन्या प्रमाण गोळीची गरजच उरत नाही.

या पद्धतीचा एक अनपेक्षित परिणाम २०१५ मध्ये पुढे आला. हॉर्नडी या अमेरिकन कंपनीने रडारच्या नोंदी तपासताना असे पाहिले की, प्लास्टिकचे टोक बसविलेल्या उच्च गुणांकाच्या गोळ्यांचा रोध उड्डाणाच्या पहिल्या काही शेकडो यार्डांनंतर अपेक्षेहून वाढतो. हवेच्या दाबाने तापून टोक मऊ होते व त्याचा आकार बिघडतो, असे स्पष्टीकरण कंपनीने दिले आणि अधिक उष्णतारोधक टोक असलेल्या गोळ्या बाजारात आणल्या. घोषणा करणारी कंपनी स्वतःच नवे टोक विकत होती, हे ध्यानात ठेवणे योग्यच; तथापि भौतिकीचा हिशेब या स्पष्टीकरणाला पूरक आहे. सेकंदाला ९०० मीटर, म्हणजे ध्वनीच्या २.६५ पट वेगाने जाणाऱ्या गोळीच्या अग्राशी हवा अडून थांबते आणि तिचे तापमान १५ अंशांवरून ४१५ अंश सेल्सिअसच्या वर जाते. गोळी तेथे क्षणभरच असते हे खरे. पण प्लास्टिकच्या इवल्याशा टोकाला तो क्षणही भारी पडतो. केवळ पहिल्या १०० यार्डांत गुणांक मोजणाऱ्याला ही गोष्ट कधीच दिसली नसती, कारण तेथवर टोक शाबूत असते.

तुलना केव्हा वैध?

प्रमाण गोळी एक, वातावरण एक, वेगकक्षा एक असेल, तरच दोन गुणांक शेजारी मांडता येतात, हे एव्हाना स्पष्ट झाले असेल. पण एवढ्यानेही तुलना पुरी होत नाही. सिएराच्याच दोन गोळ्या घेऊ : ०.३०८ इंची १६८ ग्रेनची आणि ०.२४३ इंची १०७ ग्रेनची. वरच्या वेगकक्षेत त्यांचे जी-१ गुणांक अनुक्रमे ०.४६२ आणि ०.५२७ दिलेले आहेत. वजनाने दीडपटीहून अधिक असलेली गोळी येथे मागे पडते. छेदघनता पाहिली तर ती दोघींची जवळजवळ सारखी, म्हणजे ०.२५३ आणि ०.२५९ आहे. तेव्हा फरक मुख्यतः आकाराचा. आकारगुणक काढला तर पहिलीचा ०.५५ आणि दुसरीचा ०.४९ येतो. अभिकल्पाची गुणवत्ता जोखावयाची असेल तर नजर आकारगुणकावर हवी. गुणांकावर विसंबल्यास कित्येकदा जडपणालाच कौशल्य समजले जाते.

याशिवाय रायफल हीही एक बाजू आहे. नळीतील आट्यांमुळे गोळीला परिवलन मिळते आणि ती टोकावर स्थिर राहते. आट्यांचा पीळ अपुरा पडला तर गोळी किंचित डुलत जाते, तिचा तिरका अंग हवेला अधिक लागतो आणि मोजलेला गुणांक घटतो. म्हणून तीच गोळी दोन रायफलींतून दोन गुणांक देते, आणि दोन्ही मोजमापे प्रामाणिक असतात.

गुणांकाबाहेरचे वर्तन

वर वारंवार उल्लेखिलेली १६८ ग्रेनची गोळी मुळात ३०० मीटर अंतराच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांसाठी घडविलेली होती. तेथे तिने उत्तम नाव कमावले. साहजिकच नेमबाज तिला १,००० यार्डांवरही वापरू लागले. तेथे मात्र निशाण विस्कळीत होऊ लागे. गुणांक पाहावा तर १७५ ग्रेनच्या गोळीपेक्षा फार कमी नाही. मग घडत काय होते?

याचे उत्तर मेरिलंड राज्यातील ॲबरडीन प्रूव्हिंग ग्राउंड येथील लष्करी प्रयोगशाळेत मिळाले. तेथील ठिणगी-छायाचित्रण दालनात गोळी बंदिस्त मार्गाने झाडतात आणि वाटेत जागोजागी विद्युत-ठिणगीच्या क्षणिक उजेडात तिच्या छाया टिपतात. प्रत्येक छायाचित्रावरून गोळीचे स्थान, काळ आणि तिच्या अक्षाचा कल, हे सर्व कळते. रडार केवळ वेग पाहते, तर हे दालन गोळीचे डुलणेही पाहते. रॉबर्ट मॅकॉय यांनी १९८८ च्या अहवालात ७.६२ मिलिमीटरच्या स्पर्धा-गोळ्यांचे असे मापन दिले आहे. १६८ ग्रेनच्या गोळीचा वेग ध्वनिवेगाजवळ येऊ लागला की तिची गतिक स्थिरता ढळते आणि डुलणे विरण्याऐवजी वाढत जाते, असे त्यांना आढळले. सेकंदाला २,६०० फुटांनी निघालेली ही गोळी नेमकी ८०० ते १,००० यार्डांच्या दरम्यान त्या वेगाला पोहोचते. ३०० मीटरांवर तिला या संकटाशी गाठ घालण्याची वेळच येत नव्हती.

या गोळीची शेपटी १३ अंशांनी निमुळती होत जाते. अमेरिकन सैन्याने १९९० च्या दशकात दूर पल्ल्याच्या काडतुसासाठी जी १७५ ग्रेनची गोळी घेतली, तिची शेपटी ९ अंशांची आहे. ती ध्वनिवेग ओलांडतानाही बरीच शांत राहते. पुडक्यावर दोहोंच्या गुणांकांत पहिल्या वेगकक्षेत सुमारे नऊ टक्क्यांचे अंतर दिसते. शेपटीचे हे चार अंश मात्र त्या पुडक्यावर कोठेही छापलेले नसतात.